५६० वारांची आटी

दोन वर्षांपूर्वी भाच्याच्या निकाहसाठी सुटाचे कापड घ्यायला आम्ही दुकानात गेलो होतो. दुकानदाराने फळीवरून तागा ओढला, गादीवर उलगडला आणि कापडाच्या काठावर विणलेल्या अक्षरांवर बोट ठेवले. 'सुपर १००'. भाच्याने विचारले, "मामू, शंभर म्हणजे काय?" आमच्या आधी दुकानदारच बोलला, "शंभर म्हणजे भारी. एकशेवीस त्याहून भारी." भाच्याचे समाधान झाले. आमचे झाले नाही.

आमचे बालपण यंत्रमागाच्या गावात गेले. चाळीसचे सूत कोणते आणि साठचे कोणते, हे तिथले शाळकरी पोरसुद्धा चिमटीत धरून सांगते. आकडा चढत गेला की सूत बारीक होत जाते, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी कळले होते. पण चाळीस म्हणजे चाळीस काय, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नव्हता आणि घरातल्या कुणी तो सांगितलाही नव्हता. सुटाच्या काठावरच्या त्या शंभरने तो प्रश्न पुन्हा समोर आणला. उत्तर शोधत गेलो तेव्हा ते यॉर्कशायरच्या खेड्यांतल्या कातणाऱ्या बायकांच्या दारात जाऊन पोहोचले. त्या बायकांची हकिकत आपल्या वाचकांपुढे ठेवावी असे वाटले, कारण ती ऐकताना आपल्याच मोहल्ल्यातले आवाज कानावर येतात.

सुताची जाडी फूटपट्टीने मोजता येत नाही. दाबले तर ते चपटे होते, ओढले तर लांबते. म्हणून कातणाऱ्यांनी आणि विणणाऱ्यांनी पूर्वीच एक सोपी वाट काढली. वजन ठरवून घ्यायचे आणि तेवढ्या वजनात सूत किती लांब निघते ते पाहायचे. लांबी जास्त तर सूत बारीक. इंग्रजी पद्धतीत हे वजन एक पौंड. आपल्या आजोबांच्या पिढीत पौंडाला रत्तल म्हणत. तो शब्द अरबी 'रत्ल'वरून आपल्याकडे आला. लांबी यार्डात, म्हणजे आपल्या वारात. पण हजारो वार एकेक करून कोण मोजणार? म्हणून सुताची आटी बांधायची, आणि एका पौंडात किती आट्या बसतात ते मोजायचे. या आटीला इंग्रजीत हँक म्हणतात, आणि पौंडातल्या आट्यांचा आकडा म्हणजेच काउंट.

कापसाच्या सुताची आटी ८४० वारांची. आमच्या गावातल्या चाळीसच्या सुताचा अर्थ असा की त्याच्या एका पौंडात ८४० वारांच्या चाळीस आट्या, म्हणजे ३३,६०० वार सूत. लोकरीच्या सुताची आटी मात्र ५६० वारांची. म्हणून लोकरीचे चाळीसचे सूत पौंडाला २२,४०० वारच भरते. आकडा एकच, पण सूत वेगळे.

हे ८४० आणि ५६० आकडे आले कुठून? आकाशातून पडल्यासारखे दिसणारे हे आकडे फाळक्यातून आले. कातलेले सूत चातीवरून उतरवून फाळक्यावर गुंडाळतात, तेव्हा फाळक्याचा घेर हीच मोजपट्टी होते. लोकरीच्या फाळक्याचा घेर एक वार होता. त्यावर ८० वेढे दिले की एक 'ली' पुरी होई, आणि अशा सात ली एकत्र बांधल्या की आटी. ऐंशी सत्ते पाचशे साठ. कापसाच्या फाळक्याचा घेर दीड वार. वेढे तेच ८०, ली त्याच सात. म्हणून आटी ८४० वारांची. म्हणजे दोन्हींत हात सारखाच फिरत होता, फरक होता तो लाकडाच्या घेराचा.

काही फाळक्यांना दातेरी चाक बसवलेले असे. ठरलेले वेढे झाले की लाकडाची पट्टी टक्कन आवाज करी. कातणारी बाई तो आवाज ऐकून तिथे दोरा बांधी आणि पुढची ली सुरू करी. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही त्यामुळे हिशेब ठेवता येई.

५६० वारांची ही आटी एका विशिष्ट जातीच्या लोकरीची होती. लोकरीचे सूत दोन तऱ्हांनी होते. एक, लोकर पिंजून. आपले पिंजारी भाई कापूस मोकळा करतात तशी लोकर मोकळी करायची आणि कातायची. हे सूत फुगीर, मऊ आणि केसाळ असते. कांबळी, ट्वीड अशा कापडाला ते चालते. दुसरी तऱ्हा विंचरण्याची. लांब तंतूंची लोकर तापवलेल्या लोखंडी फण्यांनी विंचरायची, आखूड तंतू बाजूला काढायचे, लांब तंतू एका दिशेला बसवायचे आणि मग कातायचे. त्यातून गुळगुळीत, कसदार सूत निघते. याला वर्स्टेड म्हणतात. इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यातल्या त्याच नावाच्या गावावरून हा शब्द आला. सुटाचे कापड या सुताचे.

विंचरलेल्या लोकरीसाठी एक माप रूढ झाले, पण पिंजलेल्या लोकरीच्या सुताला गावागणिक माप होते. यॉर्कशायरमध्ये सहा पौंडांच्या एका वजनाला 'वॉर्टर्न' म्हणत, आणि तेवढ्यात १,५३६ वारांच्या किती लडी निघतात ते मोजत. हिशेब केला तर पौंडाला २५६ वारांची लड होते. पौंडाचे सोळा औंस आणि औंसाचे सोळा ड्रॅम, म्हणजे पौंडाचे २५६ ड्रॅम. त्यामुळे एका ड्रॅमला किती वार सूत, एवढे पाहिले की नंबर मिळे. याच परगण्यातल्या ड्यूसबरीत औंसाला किती वार, असा हिशेब होता. इंग्लंडच्या पश्चिम भागात पौंडाला ३२० वारांची आटी. स्कॉटलंडमध्ये गॅलाशील्स गावी ३०० वारांची आटी, पण वजन २४ औंसांचे. तिथून थोड्याच अंतरावरच्या हॉइकमध्ये आटी तीच आणि वजन २६ औंसांचे. अमेरिकेत गेलेल्या विणकरांनी १,६०० वारांचा 'रन' चालवला, तर त्याच देशात फिलाडेल्फियामध्ये ३०० वारांचा 'कट'.

आज ही यादी वाचताना हसू येते. पण यात वेडेपणा नव्हता. ज्या गावचा फाळका, तिथले माप. आपल्याकडेही शेर, मण आणि पायली दर बाजाराला बदलतच होती. गावातल्या गावात माप सर्वांना ठाऊक असे, तोवर त्याचा कुणाला जाच नव्हता. जाच सुरू झाला तो सुताचा मालक एकीकडे आणि सूत कातणारी दुसरीकडे, असे झाल्यावर.

अठराव्या शतकात यॉर्कशायरचा व्यापारी लोकर विकत घेई, विंचरून घेई आणि खेड्यापाड्यांत कातायला पाठवी. बहुधा गावातला एखादा दुकानदार मध्यस्थ असे. कातणाऱ्या जवळजवळ सगळ्या स्त्रिया. घरचे पाणी, चूल, मुले सांभाळून त्या चरखा फिरवीत. एक माग चालता ठेवायला कित्येक चरखे लागत. अविवाहित स्त्रीला इंग्रजीत 'स्पिन्स्टर' म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ कातणारी, एवढाच आहे. या बायकांना तासाची मजुरी नव्हती, दिवसाचीही नव्हती. मजुरी मिळे ती आटीवर. म्हणून ५६० वारांची आटी हे नुसते माप नव्हते, तो त्यांचा पगार होता.

आता हिशेब बघा. एखादीने प्रत्येक लीला ८० ऐवजी ७५ वेढे दिले तर आटी ५२५ वारांची होते. अशाने १५ आट्यांच्या सुतात १६ आट्या बांधता येतात आणि एका आटीची जास्त मजुरी पदरात पडते. मजुरी कमी असली, घरात खाणारी तोंडे जास्त असली, की हात पाच वेढे आधी थांबत असतील यात नवल नाही. आम्ही या गोष्टीचे समर्थन करीत नाही. आखूड आटीचा फटका व्यापाऱ्याला बसे तसा विणकरालाही बसे. ताणा लावायला बसल्यावर सूत पुरे पडत नसे आणि तोही आपल्यासारखाच गरीब माणूस होता.

व्यापाऱ्यांनी ही तक्रार पार्लमेंटपर्यंत नेली. १७७४ च्या कायद्याने वर्स्टेडच्या आटीत ८० वेढ्यांच्या सात ली असल्याच पाहिजेत हे ठरले आणि कमी वेढ्यांची आटी बांधणे हा दंडनीय गुन्हा झाला. एका घरगुती फाळक्याचा घेर देशाच्या कायद्यात गेला. १७७७ मध्ये आणखी एक कायदा होऊन यॉर्कशायर, लँकेशायर आणि चेशायर या तीन परगण्यांतल्या व्यापाऱ्यांची समिती स्थापन झाली. तिला स्वतःचे निरीक्षक नेमण्याचा अधिकार मिळाला. हे निरीक्षक गावोगाव फिरत, जमा झालेल्या आट्या सोडून वेढे मोजत आणि कमी भरले की कातणारीला न्यायाधीशापुढे उभे करीत. सुरुवातीच्या वर्षांत अशा शिक्षा मोठ्या संख्येने झाल्या आणि शिक्षा झालेल्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या.

या निरीक्षकांचा पगार कुठून येई, तेही ऐकण्यासारखे आहे. लोकर धुवायला साबण लागे आणि साबणावर सरकारी कर होता. वर्स्टेडच्या कारखानदारांना त्या कराची काही रक्कम परत मिळे. त्या परताव्यातला वाटा कापून समितीचा खर्च चाले. म्हणजे सरकार मालकांना जे परत देई, त्यातूनच बायकांच्या हातावर पहारा बसला.

इथे आम्हाला सूरह मुतफ्फिफीनची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. माप कमी देणाऱ्यांना त्या सूरहने दिलेला इशारा आपण लहानपणापासून ऐकतो. पण तिथे नुसते कमी देणाऱ्यांबद्दल बोललेले नाही. घेताना पुरेपूर घेणारे आणि देताना घटवून देणारे, असे दोन्ही बाजूंचे वर्णन आहे. मापाचा न्याय दोन्ही हातांना लागू असतो. यॉर्कशायरच्या बाईने आखूड आटी दिली तर तिला पकडायला निरीक्षक होता. तिच्या झोळीत लोकर घालताना तराजू कुठे झुकला, हे पाहायला तिच्या बाजूने कोण होते? आणि आटीचे वार कायद्याने पक्के झाले, तसा आटीचा दर कायद्याने का पक्का झाला नाही?

लोकरीच्या बाबतीत तराजूचा प्रश्न जास्तच नाजूक आहे. लोकर हवेतला ओलावा पिते. आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास पाणी पिऊनही ती हाताला फारशी ओली लागत नाही. तेव्हा दमट दिवशी तोललेल्या एका पौंडात लोकर किती आणि पाणी किती? कारखान्यांच्या काळात मोठ्या व्यापाऱ्यांमध्येच यावरून भांडणे होऊ लागली, तेव्हा मात्र उपाय निघाला. लोकरीची राजधानी म्हटल्या जाणाऱ्या ब्रॅडफर्डमध्ये नगरपालिकेने १८९१ मध्ये 'कंडिशनिंग हाऊस' उघडले. तिथे लोकरीचा नमुना भट्टीत पूर्ण वाळवून तोलत आणि त्यावर ठरावीक ओलावा धरून खरे वजन काढत. वर्स्टेड सुतासाठी हा ओलावा कोरड्या वजनाच्या सव्वा अठरा टक्के धरला जाई. दोन व्यापाऱ्यांमधला वाद तटस्थ ठिकाणी मिटू लागला. पण तोवर घरी कातणारी बाई या व्यवहारातून गेलेली होती. १७८४ मध्ये लँकेस्टरजवळ डॉल्फिनहोम इथे पाण्यावर चालणारी वर्स्टेडची गिरणी उभी राहिली होती आणि पुढच्या दोन पिढ्यांत खेड्यांतले चरखे थांबले. तिचा फाळका मात्र राहिला. गिरणीच्या तपासणी विभागात तेच वेढे यंत्राचे सूत तपासण्यासाठी घातले जाऊ लागले.

यंत्रांबरोबर ही मापे समुद्र ओलांडून आली. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली. यंत्रे विलायतेची होती, मग आटीही विलायतेचीच. १८५७ नंतर उत्तरेतून आलेले मोमिन-अन्सारी विणकर मालेगाव, भिवंडीत स्थिरावले, तेव्हा गिरणीच्या सुताबरोबर हा काउंटही त्यांच्या बोलीत शिरला. देशाने १९५० च्या दशकात मीटर आणि किलो स्वीकारले. तरी आमच्या गावात सूत अजून इंग्रजी काउंटनेच ओळखले जाते, आणि हातमागाच्या सुताचा गठ्ठा ४.५४ किलोचा असतो. हा विचित्र आकडा म्हणजे सरळ दहा पौंड.

महाराष्ट्रात याच मापाला एक वेगळे वळण मिळाले होते, तेही सांगायला हवे. ते कापसाचे होते, पण प्रश्न तोच होता. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या चरखा संघाने चार फुटांचा एक 'तार', १६० तारांची 'लटी' आणि चार लटींची ६४० तारांची 'गुंडी' असे माप चालवले. गुंडी सुमारे ८५३ वारांची होते, म्हणजे गिरणीच्या आटीच्या अगदी जवळ. पण १९३५ मध्ये संघाने एक पाऊल पुढे टाकले. गुंडीचा दर ठरवताना बाजारात काय भाव चालतो ते न पाहता, कातणारीने आठ तास नीट काम केले तर तिच्या अन्नवस्त्राची सोय झाली पाहिजे, हा विचार त्यांनी पायाशी धरला. तो पूर्णपणे अमलात येणे सोपे नव्हते. तरी मापाला मजुरीशी आणि मजुरीला भाकरीशी जोडण्याचा तो सरळ प्रयत्न होता. यॉर्कशायरच्या कायद्यात ही दुसरी बाजू नव्हती.

लोकरीकडे परत यायचे तर आज हाताने कातलेली अतिशय महाग लोकर आपल्याच देशात, काश्मीरमध्ये तयार होते. लडाखच्या चांगथांग पठारावरच्या बकऱ्यांची पश्म श्रीनगरच्या घराघरांत येते आणि तिथल्या स्त्रिया ती 'येंदर' नावाच्या चरख्यावर कातात. तिथे आटी नाही, वारही नाही. साधारण वीतभर लांबीच्या दहा धाग्यांची एक गाठ, आणि गाठीवर मजुरी. गाठीला एक रुपया हा दर वर्षानुवर्षे चालत आला. अलीकडे काहींनी तो वाढवण्याचे प्रयत्न केले. पण अनेक घरांतल्या मुलींनी आईचा येंदर हाती घेतलाच नाही. २००८ मध्ये काश्मिरी पश्मिन्याला भौगोलिक निर्देशांक मिळाला. श्रीनगरच्या प्रयोगशाळेत तंतू १६ मायक्रॉनपेक्षा जाड नाही ना आणि सूत हातचे आहे ना, हे तपासून शालीला शिक्का मिळतो. तंतू मिलीमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत मोजला जातो. तो कातणारीचा दिवस मोजायचे साधन मात्र अजून ती गाठच आहे.

आता भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर. पूर्वी ब्रॅडफर्डचे जाणकार लोकर हातात घेऊन सांगत की ही साठची, ही सत्तरची. म्हणजे हिच्या एका पौंडातून ५६० वारांच्या साठ किंवा सत्तर आट्या निघतील. शंभरची लोकर म्हणजे पौंडातून ५६,००० वार, जवळजवळ ५१ किलोमीटर सूत देण्याइतकी बारीक. आज मोजणी बदलली आहे. सुताचे शास्त्र 'टेक्स' वापरते, म्हणजे एक किलोमीटर सुताचे वजन किती ग्रॅम. त्यात आकडा वाढला की सूत जाड होते. लोकर व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी 'सुपर १००' या शब्दालाही तंतूची जाडी जोडून दिली आहे: १८.७५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी. आट्या कुणी बांधत नाही. तरी काठावर शंभरच विणले जाते. वेढे गेले, आकडा उरला.

आम्ही हे भाच्याला सांगितले तेव्हा तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामू, आपली नानी कांड्या भरायची ना? तिला कसे मिळायचे?" नानी शेजारच्या कारखान्याच्या कांड्या घरी भरून देई. तिचा दर कांडीवर नव्हता, पेटीवर होता. पेटी भरली की नाही हे कारखान्याचा मुकादम वरून हात फिरवून ठरवी, आणि हात फिरवताना तो दाबी. दाबला की कांड्या बसत आणि पेटी रिकामी दिसे. नानी तक्रार करीत नसे. ती पेटीत आणखी कांड्या टाकी. त्या जास्तीच्या कांड्या कधी कुणी मोजल्या नाहीत.

यॉर्कशायरच्या बायकांची नावे निदान शिक्षा झालेल्यांच्या कागदांत तरी राहिली. आमच्या नानीची पेटी कुठल्याच कागदावर नाही. तुमच्या घरातही कुणी कांड्या भरल्या असतील, ताणे जोडले असतील, गोधड्या शिवल्या असतील, विड्या वळल्या असतील. त्या कशावर मोजल्या जात, दर कोण ठरवी आणि मोजताना हात कुणाचा असे, हे त्या हयात आहेत तोवर विचारून घ्या आणि लिहून ठेवा. आम्हाला विचारायला उशीर झाला.